मी न म्हटलेलं भाषण

एस.टी.तून उतरल्यावर मी गावाची पाटी बघत नाही, न्यायला कोण आलंय ते बघते. नुसती तरुण पोरं आली असली की मी आईच्या आणि ट्रंकेच्या मागं उभी राहते. त्यांच्यात एखादा पिकल्या मिशांचा माणूस असला की जरा बरं वाटतं. एखादी बाई आली असली तर माझी आई ट्रंकेवरची मूठ सैल करायची. पण जत्रेच्या नाटकाच्या नटीला न्यायला बाई आलीय, असं फारसं कधी घडलं नाही.

संपादकांनी मला आजचं राजकारण, संगीत आणि कला यांवर एका कलावंत बाईला काय वाटतं ते लिहायला सांगितलं. मी चौथीपर्यंत शिकलेली. राजकारण मला कळतं ते खुर्च्यांवरून. गावच्या नाटकात बाकी सगळे जमिनीवर बसतात आणि पुढं एक रांग खुर्च्यांची असते. पडद्याच्या फटीतून मी ती रांग बघते. मधली खुर्ची कुणाची, तिच्या शेजारी कोण बसलंय, कुठली खुर्ची रिकामी आहे आणि ती रिकामी का आहे, एवढं कळलं की त्या गावात कुठल्या वाक्याला टाळी पडेल आणि कुठल्या वाक्याला दगड, हे मला सांगता येतं. माझं राजकारणाचं शिक्षण एवढंच.

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या सातारा-सांगलीकडच्या गावांत जत्रेला नाटक बसवतात. नायक शेतकरी, खलनायक तालमीतला पैलवान, विनोदी काम करणारा पानपट्टीवाला. तीन-चार महिने शाळेत तालमी चालतात. पूर्वी बाईचं काम मिसरूड भादरून एखादा मुलगाच करायचा. आता लोक त्याला हसतात. पण गावातली लेकबाळ रंगमंचावर येणार नाही, म्हणून सांगली-मिरजेहून नटी आणायची. ती मी. आम्ही जत्रेच्या दिवशी सकाळी जातो, दुपारी एकच तालीम करतो, रात्री जेवणं झाली की नाटक आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं परत. ज्याच्याशी माझं नाटकातलं लग्न लागायचं त्याचं खरं नाव मला पुष्कळदा शेवटपर्यंत कळत नसे.

माझी आई एका संगीत नाटक कंपनीत गात असे. कंपनी बुडाली आणि आईकडं तिची पदं तेवढी राहिली. ती तिनं माझ्या गळ्यात घातली. पहिल्या वर्षांत खेड्यातले लोकही ती पदं मन लावून ऐकायचे, वन्स मोअर द्यायचे. पेटीवर मिरजेचे बशीरचाचा असायचे. माझा सूर चढतोय की पडतोय हे माझ्याआधी त्यांना कळायचं. पुढं लोकांना सिनेमाच्या चाली हव्या झाल्या. मग निवडणुकीत जीपवर भोंगे आले, आणि त्या भोंग्यांतून आईच्या कंपनीतल्या एका पदाची चाल उमेदवाराचं नाव घालून ऐकू यायला लागली. आई ओसरीवर बसून ऐकायची. एकदा म्हणाली, "चाल बरोबर म्हणतोय गं मेला." मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आपलं गाणं कोण कुठं नेईल ते आपल्या हातात राहिलेलं नाही. ती भीती रंगमंचावरच्या भीतीपेक्षा वेगळी होती.

रंगमंचावरची भीती मला एकटीलाच वाटते असं नाही. वाईकडच्या एका गावात नायक होता रजेवर आलेला जवान. सरहद्दीवर जाऊन आलेला, उंचापुरा. दुसऱ्या अंकात त्यानं माझा हात धरून एक वाक्य म्हणायचं होतं. त्यानं हात धरला आणि पुढं बसलेल्या लोकांकडं बघत राहिला. वाक्य काही येईना. मी हळूच म्हटलं, "काय झालं?" तो ओठ न हलवता म्हणाला, "बाई, पुढं आमची आई बसलीया." त्याचं वाक्य मीच म्हणून टाकलं आणि प्रवेश पुढं नेला. नंतर तो विंगेत येऊन माझ्या आईच्या पाया पडला. असे प्रसंग आठवले की हसू येतं. पण लिहायला बसले ते त्यासाठी नाही.

ते गाव आष्ट्याच्या बाजूला, नदीकाठचं. नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून त्याच खुर्च्यांवर आहेत, आणि मला अजून जत्रांना जायचं आहे. या लेखातली माणसांची नावंही मी बदलली आहेत.

स्टँडवर आम्हाला न्यायला सर्जेराव आला होता. नाटक बसवणाऱ्या तरुण मंडळाचा तो पुढारी. जाड मानेचा, हसऱ्या तोंडाचा, भराभर बोलणारा. गावचे सरपंच आबा. त्यांच्याच भावकीतला हा सर्जेराव, पण दोघांचं पटत नव्हतं. जत्रेनंतर ग्रामपंचायतीची निवडणूक होती. हे सगळं स्टँडपासून शाळेपर्यंत चालताना बशीरचाचांनी त्याच्याकडून काढून घेतलं आणि माझ्याकडं बघून भुवया उंचावल्या.

दुपारी शाळेत तालीम सुरू झाली. नाटक मला पाठ होतं. ते या भागात सगळीकडं होतं. त्यात एक दुष्ट पाटील असतो. ते काम सर्जेराव स्वतः करत होता. पण त्यानं पुस्तकातला पाटील घेतला नव्हता. डाव्या हातात धोतराचा सोगा, बोलण्याआधी दोनदा घसा खाकरायचा आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी खालच्या आवाजात "व्हय का न्हाई?" पोरं हसून लोळत होती. मी आबांना तोवर बघितलं नव्हतं. तरीही ही कुणाची नक्कल आहे ते मला विचारावं लागलं नाही.

तालीम थांबल्यावर गणपत शिंपी माझ्याकडं आला. गावातला शिलाईकाम करणारा माणूस, किडकिडीत, जाड भिंगांचा चष्मा, कानावर खडू. मंडळाचे कपडे तो शिवायचा, पडदा त्यानंच शिवलेला, आणि नाटकात प्रॉम्प्टरही तोच. म्हणजे पडद्यामागं पुस्तक घेऊन बसायचं आणि नट अडला की वाक्य पुरवायचं. त्यानं दोन कागद माझ्या हातात दिले.

"तिसऱ्या अंकात तुमचं एवढं वाढीवलंय, बाई. मीच लिवलंय. कसं वाटतंय बघा."

मी वाचलं. नाटकातली विधवा पाटलाची वाट अडवते आणि त्याला सगळ्यांदेखत विचारते. माझा नवरा खाटेवर शेवटचे श्वास घेत असताना तू त्याचा अंगठा कोऱ्या कागदावर उठवून घेतलास. नदीकाठचं माझं रान तू गिळलंस. तुझ्या उसाच्या पेरापेरात माझ्या लेकरांच्या तोंडचा घास आहे. असं लांब भाषण होतं. वाक्यं चांगली होती. वाचता वाचताच कुठं थांबायचं आणि कुठं आवाज खाली आणायचा ते माझ्या गळ्याला कळत गेलं. नटीला अशी वाक्यं वर्षातून एकदाही मिळत नाहीत.

मी विचारलं, "हे कुणाचं आहे?"

"कुणाचं म्हंजे? नाटकच हाय," गणपत म्हणाला. पण त्यानं नजर खाली घेतली.

सर्जेराव पुढं आला. "बाई, हे भाषण म्हंजे बार हाय. आबा पुढं खुर्चीत बसणार. त्यांच्या तोंडावर पडलं पायजे."

"मग तुमच्यातल्या कुणीतरी म्हणा की," मी म्हटलं.

तो मोकळेपणानं हसला. "आमी म्हटलं तर उद्या गावात ऱ्हायचं कसं? तुमचं काय, सकाळच्या गाडीनं सांगली."

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. म्हणूनच मी गार झाले. धीट नाटक करायचं होतं त्यांना, आणि त्यातला धीटपणा माझ्या तोंडी लिहिला होता, कारण मी परक्या गावची. मला काही झालं तर गावात कुणाच्या घरी सुतक लागणार नव्हतं.

आमची उतरायची सोय शाळेमागं एका म्हातारीच्या घरी होती. आम्ही जेवून टेकलो तोच दारात एक माणूस आला. पांढरे कपडे, हातात नारळ आणि खण. "मी दादू. आबांकडनं आलोय," असं सांगून तो उंबऱ्यापाशी बसला. आईला म्हणाला, "आवं, आक्का, पावण्या बाईची वटी भरायला पायजे म्हणाले आबा."

आईनं नारळ घेतला नाही, नाकारलाही नाही. तो मध्येच जमिनीवर राहिला.

दादू माझ्याकडं न बघता बोलत राहिला. "नाटक लय झ्याक करता म्हणं तुमी. आबांना नाटकाचा शोक हाय. छापील नाटक हाय तसं झालं की त्यांना आवडतं. पोरं मधी कायबाय घालत्यात. पोरास्नी कळत न्हाई." मग उठता उठता म्हणाला, "सकाळची गाडी गावाभाईर आबांच्या मळ्यावरनं जाती. तिथं थांबती ती. डायवर आपलाच हाय."

एवढंच बोलला. आवाज चढवला नाही. तो गेल्यावर आई बराच वेळ त्या नारळाकडं बघत बसली. बशीरचाचा म्हणाले, "बेटी, मी पेटी बांधू का? दुपारची गाडी अजून मिळेल." पण पळून जाणाऱ्या नटीला पुढं कुठलं गाव बोलावणार? आणि स्टँडवर मंडळाची पोरं होतीच.

ऊन उतरल्यावर मी परसात तोंड धुवायला गेले. गोठ्याच्या कुडाआड एक बाई उभी होती. वयानं चाळिशीची, उन्हानं रापलेली, पायांवर उसाच्या पाल्याचे ओरखडे. डोक्यावर जळणाचा भारा होता. कुणी बघितलं तर जळण घालायला आलीय असं वाटावं, म्हणून तो आणलेला. तिनं भारा खाली ठेवला.

"तुमीच का नाटकातल्या बाई?"

मी हो म्हटलं.

"ते भाषाण म्हणू नका," ती म्हणाली.

मला वाटलं हिलाही आबांनीच पाठवलंय. ती ते ओळखून म्हणाली, "मला कुणी धाडलं न्हाई. ते रान माझं हाय."

तिचं नाव मी हौसाबाई लिहिते. ती बौद्धवाड्यात राहायची. नदीकाठचं रान तिच्या नवऱ्याच्या वाडवडलांचं, वतनाचं. नवऱ्याच्या आजारपणात अंगठा घेतला तो खराच. आता त्या रानात आबांचा ऊस होता आणि ती त्याच उसात मजुरीला जात होती. गणपत शिंप्यानं गावात कानोकानी बोलली जाणारी तिची सगळी हकीकत भाषणात घातली, पण नाटकातली विधवा मात्र त्यानं पाटलांच्या भावकीतली केली होती.

"नाटकात मला पाटलांच्यातली केलीया म्हणं," ती जराशी हसून म्हणाली. "करंनात. त्याचं काय न्हाई. पर मी इस्लामपूरला मामलेदाराकडं दाद मागितलीया. माझा भाव मिलिटरीत हाय, त्यानं वकील बघून दिलाय. गावात कुणालाच ठावं न्हाई. आज गावापुढं ह्या रानाचा बोभाटा झाला तर आबा उद्याच कागूद नीट करून घेतील. मग माझं काय उरलं?"

आई दारात येऊन उभी राहिली होती. तिनं विचारलं, "मंडळाच्या पोरांना सांगितलंस का?"

"त्यास्नी कसं सांगू? ती उद्या आबांसंग बसून च्या पित्याल. भावकी हाय त्यांची." मग ती माझ्याकडं वळली. "बाई, तुमी सकाळी जाणार. पोरं निवडून येत्याल न्हाईतर न्हाई येत्याल. मला हितंच ऱ्हायचंय. आन् हे मी तुमाला सांगितलं, हे बी कुणाला सांगू नका."

मी तिला शब्द दिला. तिनं भारा उचलला आणि मागच्या वाटेनं गेली. आईनं तिला चहाला थांब म्हटलं, पण ती थांबली नाही.

आत येऊन आई म्हणाली, "नाही म्हणायचं ते."

"सर्जेराव सोडेल का?"

"नाही सोडणार."

"आणि आबांना वाटेल मी त्यांना भ्याले."

"वाटू दे," आई म्हणाली. "भ्यालेलीच आहेस की."

ते खरं होतं. संध्याकाळी मी तोंडाला रंग लावायला बसले.

पडद्याच्या फटीतून मी खुर्च्या बघितल्या. मधल्या खुर्चीत आबा. बुटके, पांढरे, डोळे अर्धे मिटलेले. डाव्या हातात धोतराचा सोगा. त्यांच्या दोन्ही बाजूंना त्यांचीच माणसं. मागं सगळं गाव, आणि अगदी मागं, गॅसबत्तीचा उजेड जिथं संपत होता तिथं, बौद्धवाड्यातल्या बाया. त्यांत हौसाबाई होती की नाही ते दिसलं नाही.

दोन अंक नीट गेले. सर्जेराव नक्कल करत होता तेव्हा मागून हसण्याच्या लाटा येत होत्या. पुढच्या रांगेत कुणी हसत नव्हतं. आबा मात्र मधूनच मान डोलवायचे. मध्ये मध्ये बक्षिसं येत होती. ही आमच्याकडची रीत आहे. एखादं काम आवडलं की माणूस एक-दोन रुपये रंगमंचावर पाठवतो, नाटक थांबवून त्याचं नाव पुकारतात, आणि नटानं पुढं येऊन नमस्कार करून ते घ्यायचं. निवडणुकीच्या वर्षात ही बक्षिसं फार होतात, कारण नाव पुकारलं जातं.

तिसऱ्या अंकात मी सर्जेरावाची वाट अडवली. गाव एकदम गप्प झालं. सगळ्यांना माहीत होतं. मंडळाच्या पोरांनी आधीच गावभर सांगून ठेवलं होतं की आज बाई आबांना बोलणार. मी तोंड उघडलं आणि छापील नाटकातली चार वाक्यं म्हणून गप्प उभी राहिले.

पडद्यामागून गणपतचा आवाज आला, "माझा नवरा खाटेवर होता..."

मी बोलले नाही. त्याला वाटलं मी अडले. त्यानं तेच वाक्य जरा मोठ्यानं दिलं. मी खाली बघत राहिले. सर्जेराव दातओठ खात पुटपुटला, "बोला की." गणपतनं तिसऱ्यांदा वाक्य दिलं, ते मागच्या रांगेपर्यंत पोचलं असेल. मग एक क्षण काहीच आलं नाही. मला वाटलं सुटले.

आणि तो पुढं वाचायला लागला. प्रॉम्प्टरचा कुजबुजता आवाज राहिला नाही, साधा, घोगरा, शिलाईच्या दुकानात रोज ऐकू येणारा आवाज होता. "तू त्याचा अंगठा घेतलास. कागद कोरा होता." पडदा मध्ये होता. माणूस दिसत नव्हता, पण आवाज कुणाचा ते गावातल्या पोराटोरांना ठाऊक होतं. तो न थांबता भाषण शेवटपर्यंत वाचत गेला. माझ्यासारखं त्याला म्हणता येत नव्हतं, कुठंही थांबत होता, एके ठिकाणी ओळ चुकला आणि परत मागून वाचली. मी पुष्कळ मोठी माणसं गाताना-बोलताना ऐकली आहेत. पण अंगावर काटा यावा असं त्या रात्रीसारखं मी दुसरं काही ऐकलं नाही.

भाषण संपलं. कुणी टाळी वाजवली नाही.

आबांनी दादूला बोलावून कानात काही सांगितलं. दादू रंगमंचापाशी आला आणि त्यानं पुकारलं, "सरपंच आबांच्याकडनं, पडद्यामागनं बोलणाऱ्या कलाकाराला एक रुपाया बक्षीस. त्यानं फुडं येऊन घ्यावं."

मी सर्जेरावाकडं बघितलं. तो आबांच्या वेशात उभा होता आणि त्याचा हातातला सोगा सुटला होता. विंगेत मंडळाची आठ-दहा पोरं होती. एकजणही पुढं आला नाही. बशीरचाचांनी पेटीच्या भात्यावरचा हात काढून घेतला.

पडदा बाजूला झाला आणि गणपत बाहेर आला. हातात ते कागद तसेच होते. उजेडात त्याला नीट दिसेना, म्हणून त्यानं चष्मा पुसला. दादूच्या हातून रुपया घेतला आणि नमस्कार केला. नमस्कार आबांना नव्हता, रीतीप्रमाणे सगळ्या लोकांना होता.

आबा खुर्चीतूनच म्हणाले, "झ्याक वाचलंस, गणपा. आवाज चांगला हाय तुजा. मला म्हाईत नव्हतं. व्हय का न्हाई?"

कुणी हसलं नाही. गणपत आत गेला. बशीरचाचांनी पेटी सुरू केली आणि मी माझं पद म्हटलं. आवाज फाटत होता. नाटक कसंबसं पुरं झालं.

रंग पुसतानाच सर्जेराव आत आला. "आबानं किती दिलं, बाई?" त्याचे डोळे लाल होते. आई मध्ये उभी राहिली. मला एक वाक्य बोलून सगळं निस्तरता आलं असतं. पण तेच वाक्य बोलायचं नव्हतं. मी गप्प राहिले आणि माझ्या गप्प राहण्याचा त्यानं घ्यायचा तो अर्थ घेतला.

सकाळी आम्ही स्टँडवर उभे होतो. समोरच गणपतचं दुकान. तो फळ्या काढत होता. गाडी आली तेवढ्यात दादू सायकलवरून आला, गुळाची ढेप आईच्या पायाशी ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आबांनी दिलीया. बाईनी शब्द पाळला म्हणाले." गणपतनं हातातली फळी तशीच धरून माझ्याकडं बघितलं. मग वळून आत गेला. ती ढेप तिथं टाकून द्यायची आमची हिंमत झाली नाही. सांगलीच्या स्टँडवर उतरल्यावर आईनं ती हमालांना देऊन टाकली, घरात आणली नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. त्या निवडणुकीत सर्जेरावाची काही माणसं निवडून आली आणि वर्षभरात आबांना मिळाली. मागं एका गावात मी पडद्याच्या फटीतून बघितलं तर आबांच्या शेजारच्या खुर्चीत सर्जेराव बसला होता. गणपतला कुणी हात लावला नाही. नुसतं लोकांनी त्याच्याकडं कपडे टाकायचं बंद केलं. कुणी सांगितलं, कधी सांगितलं, काही कळलं नाही. तो मशीन घेऊन सांगलीला आला आणि एका दुकानाच्या ओट्यावर बसायला लागला.

मला ते कळल्यावर मी ब्लाऊजपीस घेऊन तिथं गेले. त्यानं ओळखलं. माप घेतलं, कापड घडी करून ठेवलं आणि मग शांतपणे विचारलं, "बाई, गूळ ऱ्हाऊ दे. मी काय इचारणार न्हाई त्याचं. पर एक सांगा, माझी वाक्यं वाईट होती का?"

हौसाबाईचा अर्ज अजून लोंबकळत होता. मी म्हटलं, "नाही हो. फार चांगली होती. मीच विसरले."

"व्हतं कवाकवा," तो म्हणाला. माझ्यावर त्याचा विश्वास बसला की त्यानं मला सोडून दिलं, ते मला कळलं नाही.

दोन-तीन वर्षांनी हौसाबाई पत्ता विचारत आमच्या घरी आली. निकाल लागला होता. रान सगळं मिळालं नाही, निम्मं मिळालं. आबांचा सगळा राग मंडळावर आणि शिंप्यावर गेला होता. ही बाई इस्लामपूरला खेपा घालत असेल असं त्यांच्या मनातच आलं नाही. भाषण मी न म्हटल्यानं तिचं काम झालं, की मी म्हटलं असतं तरी झालंच असतं, हे मला सांगता येत नाही. तिनं पदरात बांधून आणलेल्या शेंगा आईला दिल्या आणि या वेळी चहाला थांबली. त्या रानात तिनं दोन पिकं काढली. गेल्या हिवाळ्यात ती तापानं गेली. तिच्या भावाकडून निरोप आला.

मग मी परत त्या ओट्यावर गेले. गणपत मशीनवर होता. मी शेजारी बसून त्याला सगळं सांगितलं. परसातला भारा, इस्लामपूर, वकील, मी दिलेला शब्द. तो ऐकता ऐकता पाय हलवत राहिला, आणि मग मशीन थांबलं.

"हौसाबाई," तो म्हणाला. रस्त्यावरून टांगे जात होते. "दोन म्हैनं लिवत व्हतो मी ते भाषाण, बाई. नदीला जाताना रोज तिच्या दारावरनंच वाट हाय. ती दारात बसलेली असायची. मी रोज इचारायचो, काय हौसाबाई, बरं हाय का. ती म्हणायची, बरं हाय."

त्यानं कापडाची घडी गुडघ्यावर ओढून घेतली.

"तेवढंच इचारलं मी," तो म्हणाला.